दोन विनंत्यांमधला सभासद

एखादी वस्तू दोन वेगवेगळ्या क्षणी पाहिली आणि मधल्या काळात ती कोणालाच दिसली नाही, तर दुसऱ्या क्षणी दिसणारी वस्तू पहिल्या क्षणीचीच आहे असे कशाच्या आधारावर म्हणावे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालला. बौद्धांनी असे कोणतेही 'तेच'पण नाकारले, नैयायिकांनी ते आत्म्याच्या नित्यत्वावर उभे केले, आणि जैनांनी दोघांचे अर्धे अर्धे खरे मानून स्वतःचा मार्ग काढला. हा वाद कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष यांच्या संदर्भात झाल्यामुळे त्याचा आजच्या कामकाजाशी काही संबंध उरलेला नाही असे वाटणे साहजिक आहे. परंतु जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या वेबप्रणालींत हाच प्रश्न दररोज सोडवावा लागतो, आणि तो चुकीचा सुटला तर कोणाचा तरी पत्ता, कोणाचा तरी वारस, कोणाची तरी रक्कम नोंदीतून नाहीशी होते. या निबंधातले प्रतिपादन असे, की अशा प्रणालीच्या घडणीचे वर्णन बौद्धांच्या क्षणभंगवादाने, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते या मताने, सर्वांत नेमके होते, पण त्या वादावर प्रतिपक्षाने घेतलेले आक्षेप जसेच्या तसे खरे उरतात आणि प्रणाली रचणाऱ्याला त्यांचे उत्तर स्वतः द्यावे लागते.

प्रश्न समजण्यासाठी प्रथम यंत्राची रीत पाहिली पाहिजे. वेबवरचा व्यवहार एचटीटीपी या संकेतावलीने, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याच्या ठरलेल्या नियमांनी, चालतो. वापरणाऱ्याचा ब्राउझर एक विनंती पाठवतो, सर्व्हर तिला एक उत्तर देतो, आणि तेवढ्याने तो व्यवहार पुरा होतो. पुढची विनंती कोणाची आहे, तिच्याआधी काय घडले होते, याची कोणतीही आठवण या नियमांत अंतर्भूत नाही. १९९६ साली या संकेतावलीच्या १.० आवृत्तीचे जे वर्णन प्रसिद्ध झाले त्यात तिला स्पष्टपणे अवस्थाहीन म्हटले आहे. ही उणीव नजरचुकीने राहिलेली नाही. ज्याला काही आठवावे लागत नाही असा सर्व्हर अनेकांना झटपट उत्तरे देऊ शकतो, एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेऊ शकतो, आणि वेबचा जो अवाढव्य विस्तार झाला त्यामागे या विस्मरणाचा वाटा मोठा आहे.

आता एखाद्या सहकारी पतसंस्थेची सभासद-नोंदणी या रीतीने चालते असे समजू. लिपिकाने एका सभासदाची नोंद उघडली की सर्व्हर डेटाबेसमधली एक ओळ वाचतो आणि तिच्यावरून स्मृतीत एक ऑब्जेक्ट घडवतो. ऑब्जेक्ट म्हणजे गुणधर्म (नाव, पत्ता, वारसाचे नाव) आणि त्या गुणधर्मांवर करायच्या क्रिया एकत्र बांधलेले एकक. या ऑब्जेक्टच्या साहाय्याने पान तयार होते, ते ब्राउझरकडे जाते आणि विनंती संपते. त्या क्षणापासून चालू कार्यक्रमातल्या कोणाकडेही त्या ऑब्जेक्टचा निर्देश उरत नाही. त्याने व्यापलेली जागा गार्बेज कलेक्टर, म्हणजे निरुपयोगी स्मृती परत मिळवणारी जावाची यंत्रणा, केव्हा घेईल हे आधी सांगता येत नाही. पण बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अस्तित्वाची जी कसोटी सांगितली आहे, की जे काही कार्य घडवू शकते तेच सत्, ती लावली तर निर्देश तुटताक्षणी ते ऑब्जेक्ट संपले असेच म्हटले पाहिजे, कारण त्याच्या हातून यापुढे काहीही घडू शकत नाही. लिपिक पाच मिनिटांनी पत्ता दुरुस्त करून फॉर्म परत पाठवतो तेव्हा सर्व्हरवर जे सभासद-ऑब्जेक्ट उभे राहते ते सर्वस्वी नवे असते. लिपिकाच्या मनात मात्र सभासद एकच आहे. पडद्यावर त्याने जो पाहिला त्याचाच पत्ता आपण बदलला, याविषयी त्याला शंका नाही, आणि प्रणालीने ही श्रद्धा सार्थ ठरवावी अशी त्याची न बोललेली अपेक्षा आहे.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू राजा मिलिंदाला, म्हणजे इतिहासातल्या ग्रीक राजा मिनँडरला, दिव्याचा दृष्टान्त देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत, मधल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच आहे काय, असे तो विचारतो. ती एक नाही. पण रात्रभर जळले ते एकाच दिव्याच्या आधाराने. बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशभाष्याच्या नवव्या प्रकरणात याच विचाराला शास्त्रीय रूप दिले: व्यक्ती नावाचा कोणताही स्थायी पदार्थ नाही, आहे तो केवळ संतान, म्हणजे एक क्षण पुढच्या क्षणाला कारण होतो अशी अखंड माळ. योगाचार या बौद्ध संप्रदायाने आलयविज्ञानाची कल्पना मांडली. पूर्वीच्या कृतींची बीजे ज्यात साठून राहतात आणि योग्य वेळी नव्या अनुभवाच्या रूपाने उगवतात असे ते कोठार आहे. डेटाबेसमधली ओळ आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा घडणारे ऑब्जेक्ट यांचे नाते यापेक्षा नेमके सांगणे अवघड आहे. ओळ म्हणजे सभासद-ऑब्जेक्ट नव्हे, कारण तिला वर्तन नाही, ती हिशोब करू शकत नाही, वारस योग्य आहे की नाही हे तपासू शकत नाही. ती बीज आहे, आणि प्रत्येक विनंतीत तिच्यातून एक अंकुर निघतो व विनंतीबरोबरच वाळून जातो.

ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधली ओळ यांची सांगड घालणारे हायबरनेट हे साधन, ज्याचा विकास गेव्हिन किंग याने २००१ साली सुरू केला, आणि २००६ साली त्याच विचारांवर आधारलेले जेपीए हे जावाचे अधिकृत मानक, या दोहोंनी ऑब्जेक्टच्या जीवनातल्या चार अवस्था नावानिशी वेगळ्या केल्या आहेत. नव्याने घडलेले आणि डेटाबेसला अजून ठाऊक नसलेले ऑब्जेक्ट ही पहिली अवस्था, जिला हायबरनेटमध्ये ट्रान्झियंट, म्हणजे अक्षरशः क्षणिक, म्हणतात. जे सध्या साधनाच्या देखरेखीखाली आहे आणि ज्यातला बदल आपोआप डेटाबेसमध्ये उतरतो ती दुसरी, मॅनेज्ड अवस्था. जे एकेकाळी देखरेखीखाली होते, पण ती देखरेख संपल्यामुळे ज्याचा डेटाबेसशी संबंध तुटला आहे ती तिसरी, डिटॅच्ड अवस्था. आणि जे पुसून टाकायचे ठरले आहे ती चौथी. या चारांत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिसरी. डिटॅच्ड ऑब्जेक्टमध्ये सर्व माहिती शाबूत असते, त्याला आपला क्रमांकही ठाऊक असतो, पण ज्या जगात ती माहिती खरी होती ते जग मागे राहिलेले असते. त्याला स्वतःच्या जामीनदारांची यादी विचारली, आणि ती यादी गरज पडेल तेव्हा वाचायची म्हणून आधी आणलेली नसली, तर उत्तराऐवजी त्रुटी मिळते. संबंधाची खूण आहे, संबंध नाही. अशा ऑब्जेक्टला पुन्हा संबंधात आणण्याच्या क्रियेला मर्ज म्हणतात, आणि तिची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. साधन जुन्या ऑब्जेक्टला जिवंत करत नाही. ते बीजावरून नवे ऑब्जेक्ट घडवते, जुन्यातली माहिती त्यात उतरवते आणि नवेच परत देते. जुने होते तसे डिटॅच्ड राहते. पुनर्जन्माविषयी बौद्ध जे म्हणतात, की कोणी एक इकडून तिकडे जात नाही, ते येथे शब्दशः घडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न 'कशाचा' आणि 'कोणाचा' अशा दोन स्वतंत्र प्रश्नांत फोडला आहे, आणि मराठी वाचकाला परिचित असलेली ही फोड येथेही फार उपयोगी पडते. 'कशाचा' या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: गुणधर्मांचा, म्हणजे नाव, पत्ता, वारस या मूल्यांचा. 'कोणाचा' या प्रश्नाशी मात्र जावाला स्वतःलाच झगडावे लागते, कारण त्या भाषेत 'तेच' या शब्दाचे किमान तीन अर्थ आहेत. स्मृतीतले स्थान एकच असणे हा पहिला अर्थ. दोन विनंत्यांमधली ऑब्जेक्टे या कसोटीवर कधीच एक ठरत नाहीत. डेटाबेसमधला क्रमांक, ज्याला प्राथमिक किल्ली म्हणतात, तो एकच असणे हा दुसरा. आणि इक्वल्स या नावाच्या क्रियेने लेखकाने स्वतः ठरवून दिलेली समानता हा तिसरा. साधन पहिल्या आणि दुसऱ्या अर्थाचा मेळ घालून देते, पण तो केवळ एका पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टच्या, म्हणजे एका देखरेखीच्या कक्षेच्या, आत: तेवढ्या कक्षेत एका ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट मिळेल अशी हमी असते. कक्षा बदलली की हमी संपते.

तिसऱ्या अर्थाची गोष्ट अधिक खोल आहे. समजा लेखकाने समानता डेटाबेसच्या क्रमांकावरून ठरवली आणि हॅशकोड, म्हणजे संचात ऑब्जेक्ट कोणत्या कप्प्यात ठेवावे हे सांगणारी संख्या, तीही त्याच क्रमांकावरून काढली. नवा सभासद घडला तेव्हा त्याला क्रमांक नव्हता. त्या स्थितीत त्याला एका संचात ठेवले, आणि नंतर जतन करताना डेटाबेसने त्याला क्रमांक दिला. आता तोच संच 'हा सभासद तुझ्यात आहे काय' या प्रश्नाला बहुधा 'नाही' असे उत्तर देतो, कारण तो दुसऱ्याच कप्प्यात शोधतो. ऑब्जेक्ट तेथेच आहे आणि तरी सापडत नाही. ज्याची ओळख बाहेरून आणि उशिरा मिळते, तो ओळख मिळाल्याने आपल्याच समूहातून हरवतो, हा या भाषेतला जुना आणि अनेकांना नडलेला दोष आहे. त्यावरचे उपायही तत्त्वज्ञानातल्या पक्षांसारखेच वेगळे आहेत: जन्मतःच ऑब्जेक्टला एक अद्वितीय चिन्ह द्यावे असा एक, आणि सभासदत्वाच्या खऱ्या जगातल्या खुणेवरून, जसे की पतसंस्थेने दिलेल्या आणि कधीही न बदलणाऱ्या सभासद क्रमांकावरून, ओळख ठरवावी असा दुसरा. पहिला उपाय सोपा आणि बहुतेक ठिकाणी पुरेसा आहे. दुसरा अधिक सत्य आहे, पण त्यासाठी खऱ्या जगात अशी न बदलणारी खूण असावी लागते, आणि ती नेहमी असतेच असे नाही.

नैयायिकांनी या सर्व वर्णनावर एक साधा आक्षेप घेतला असता. स्मृती म्हणजे केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान. प्रत्यभिज्ञा, म्हणजे 'हा तोच देवदत्त' अशी ओळख पटणे, हे मात्र संस्कार आणि समोरचे प्रत्यक्ष या दोहोंपासून मिळून होणारे ज्ञान. संस्कार ज्याच्या ठिकाणी पडला आणि आता जो पाहतो आहे ते दोघे एकच असल्याशिवाय अशी ओळख शक्य नाही, म्हणून पाहणारा नित्य आत्मा मानला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. बौद्धांचे उत्तर असे, की कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढली की 'हे तेच केस' असे आपण म्हणतो, पण ती सादृश्यातून आलेली भ्रांती असते. वेबप्रणाली या वादात कोणाच्या बाजूने साक्ष देते? तिच्यात पाहणारा नित्य नाही, आणि तरी ओळख पटते. पण ती आपोआप पटत नाही, पटवावी लागते. १९९४ साली नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली याने कुकीची कल्पना वेबमध्ये आणली, ती याच गरजेतून. सर्व्हर ब्राउझरकडे एक लहानशी खूण देतो, ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवतो, आणि सर्व्हर म्हणतो, हा तोच. जावाच्या सर्व्हलेट या व्यवस्थेत, म्हणजे विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या घटकांच्या चौकटीत, या खुणेला जेसेशनआयडी हे नाव आहे, आणि तिच्या आधारे सर्व्हर सेशन, म्हणजे त्या वापरणाऱ्यापुरती राखून ठेवलेली आठवण, शोधून काढतो.

ही प्रत्यभिज्ञा किती पातळ आहे हे खूण चोरीला गेली म्हणजे कळते. जो खूण दाखवील तोच देवदत्त, अशी तिची व्याख्या असल्यामुळे चोरालाही ती देवदत्तच मानते. आणखी एक सूक्ष्म प्रकार असा, की दुष्ट माणूस आपल्याला ठाऊक असलेली खूण आधीच दुसऱ्याच्या हाती सोपवतो, तो दुसरा त्या खुणेसह आपला परवलीचा शब्द देऊन आत जातो, आणि मग दोघेही प्रणालीच्या लेखी एकच होतात. म्हणून ओळख सिद्ध होण्याच्या क्षणी खूण बदलावी असा दंडक पडला, आणि सर्व्हलेटच्या ३.१ या २०१३ सालच्या आवृत्तीने त्यासाठी स्वतंत्र क्रियाच दिली. सादृश्यावरून होणारी ओळख भ्रांत असू शकते हा बौद्धांचा इशारा येथे सुरक्षेचा नियम होऊन आला आहे.

बाराव्या शतकातला जैन आचार्य हेमचंद्र याने आपल्या अन्ययोगव्यवच्छेदिका या स्तोत्रात क्षणभंगवादावर पाच दोष मोजून दाखवले: कृतप्रणाश, अकृतकर्मभोग, भवभंग, प्रमोक्षभंग आणि स्मृतिभंग. यांपैकी पहिले दोन आणि शेवटचा हे वेबप्रणालीच्या विचारात अनपेक्षित अचूकतेने लागू पडतात. कृतप्रणाश म्हणजे केलेल्याचा नाश: करणारा क्षण संपला, तर त्याच्या कृतीचे फळ कोणालाही न मिळता वाया जाणार. अकृतकर्मभोग म्हणजे न केलेल्याचा भोग: पुढचा क्षण वेगळा असेल, तर त्याने न केलेल्या कृतीचे फळ त्याच्या माथी येणार.

पतसंस्थेतला पहिला लिपिक सकाळी अकरा वाजता सभासदाचे पान उघडतो. दुसरा लिपिक अकरा वाजून दोन मिनिटांनी तेच पान उघडतो. पहिला पत्ता बदलतो आणि जतन करतो. दुसऱ्याच्या पडद्यावर जुनाच पत्ता आहे. तो वारसाचे नाव बदलतो आणि जतन करतो. हायबरनेट नेहमीच्या रीतीने ओळीतले सर्व रकाने लिहिते, आणि दुसऱ्या लिपिकाच्या फॉर्ममधून जुना पत्ताही परत आलेला असतो. परिणामी वारस बदलतो, आणि सकाळी दुरुस्त केलेला पत्ता कोणत्याही त्रुटीशिवाय, कोणालाही न कळता, पूर्ववत होतो. कोणी चुकले नाही. पहिल्याने केलेले काम केवळ नष्ट झाले, आणि दुसऱ्याच्या नावावर त्याने न केलेला पत्ताबदल लागला. डेटाबेसच्या शास्त्रात याला हरवलेला बदल म्हणतात. हेमचंद्राचे पहिले दोन दोष एकाच घटनेत एकत्र आलेले पाहायचे असतील तर याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. महिन्यांनी सभासदाला पाठवलेली नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते तेव्हा या दोषाचा भोग तिसराच कोणी भोगत असतो.

बौद्धांनी कृतप्रणाशाच्या आक्षेपाला दिलेले उत्तर कापसाच्या बीजाचे आहे. सरकी लाखेच्या रसात भिजवून पेरली तर मधल्या कोणत्याही अवस्थेत लाली दिसत नसली तरी बोंडातला कापूस लाल निघतो. त्याचप्रमाणे कृतीचा संस्कार संतानातून वाहत जातो, त्याला वाहून नेणारा कोणी नित्य पुरुष लागत नाही. वेबप्रणालीतला उपायही असाच आहे, फक्त तेथे लाखेचा रस विसरून चालत नाही. प्रत्येक ओळीला आवृत्तिक्रमांक नावाचा एक रकाना द्यायचा. ओळ बदलली की तो क्रमांक एकाने वाढतो, आणि बदल लिहिताना डेटाबेसला अशी अट घातली जाते, की किल्ली ही असेल आणि आवृत्ती मी वाचली तीच असेल तरच लिही. मधल्या काळात कोणी बदल केला असेल तर अट जुळत नाही, एकही ओळ बदलत नाही, आणि साधन लिहिण्याचे नाकारून त्रुटी उभी करते. १९८१ साली कुंग आणि रॉबिन्सन यांनी मांडलेल्या या विचाराला आशावादी नियंत्रण म्हणतात. संघर्ष विरळा असतो असे धरून कोणाला अडवायचे नाही, पण शेवटी पडताळायचे, हे त्याचे तत्त्व. याच्या उलट निराशावादी रीत ओळीला वाचतानाच कुलूप लावते. एका विनंतीच्या आत ती उत्तम आहे, पण लिपिक जेवायला गेला तर दोन विनंत्यांच्या मध्ये कुलूप कोणी आणि किती वेळ धरून ठेवायचे याचे समाधानकारक उत्तर तिच्यापाशी नाही.

येथे एक चूक इतकी सहज होते की तिच्यावर थांबले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी फॉर्म परत आल्यावर कार्यक्रम डेटाबेसमधून सभासद नव्याने वाचतो, फॉर्ममधली मूल्ये त्यावर लिहितो आणि जतन करतो. आवृत्तिक्रमांकाचा रकाना आहे, साधनाची पडताळणी चालू आहे, आणि तरीही कृतप्रणाश होतो. कारण पडताळणी आत्ता वाचलेल्या आवृत्तीशी होते, लिपिकाने पाहिलेल्या आवृत्तीशी नव्हे. लिपिकाने पाहिली ती आवृत्ती चौथी असेल आणि कार्यक्रमाने आता वाचली ती पाचवी, तर पाचवीची पाचवीशी तुलना नेहमीच जुळणार. देखरेखीखालच्या ऑब्जेक्टच्या आवृत्तिक्रमांकात फॉर्ममधला जुना आकडा भरून टाकण्यानेही काम होत नाही, कारण हायबरनेट पडताळणीसाठी स्वतः वाचलेला आकडा वापरते. चौथा हा आकडा फॉर्मबरोबर बाहेर गेला पाहिजे, फॉर्मबरोबर परत आला पाहिजे, आणि कार्यक्रमाने तो उघडपणे ताडून पाहिला पाहिजे, किंवा तो आकडा धारण करणारे डिटॅच्ड ऑब्जेक्ट मर्जच्या हाती दिले पाहिजे. प्रत्यभिज्ञेला संस्कार आणि प्रत्यक्ष दोन्ही लागतात असे नैयायिक म्हणतात त्याचे मर्म हेच आहे: ज्या ओळखीत पूर्वीच्या दर्शनाचा संस्कार नाही, ती ओळख नव्हे, ते केवळ नवे दर्शन आहे.

अकृतकर्मभोगाचे दुसरे, अधिक भयंकर रूप सर्व्हलेटच्या घडणीत दडलेले आहे. सर्व्हलेटचे ऑब्जेक्ट विनंतीगणिक नवे होत नाही. सामान्यतः एकच ऑब्जेक्ट सर्व विनंत्यांना उत्तरे देते, आणि अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह, त्याच्यातून जातात. अशा ऑब्जेक्टच्या गुणधर्मात कोणी 'सध्याचा सभासद' ठेवला तर एका माणसाच्या विनंतीने ठेवलेले मूल्य त्याच क्षणी दुसऱ्याची विनंती वाचू शकते, आणि एकाच्या खात्यातली शिल्लक दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते. थ्रेडच्या स्वतःच्या म्हणून राखलेल्या जागेतही हाच धोका आहे, कारण सर्व्हर थ्रेड संपवत नाही, एका विनंतीनंतर तो दुसरीला देतो, आणि मागच्याचे काही पुसायचे राहिले असेल तर पुढच्याला ते मिळते. येथे क्षणभंगवादाचा उलटा धडा मिळतो. जे क्षणिक असायला हवे होते ते टिकले, म्हणून एकाचे कर्म दुसऱ्याला भोगावे लागले. टिकाऊपणा हा स्वतःहून गुण नाही. कोणाचे काय आणि किती काळ टिकावे हे ठरवूनच तो गुण होतो.

स्मृतिभंगाविषयी थोडक्यात सांगता येते. सेशन कायमची राहत नाही; टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरच्या मूळ मांडणीत ३० मिनिटे विनंती आली नाही की ती संपते. सर्व्हरवर भार वाढला तर काही ऑब्जेक्टे स्मृतीतून काढून, त्यांचे बाइटक्रमात रूपांतर करून साठवली जातात आणि गरज पडल्यावर पुन्हा उभी केली जातात. या रूपांतराला सीरियलायझेशन म्हणतात. मधल्या काळात कार्यक्रमाची नवी आवृत्ती बसवली गेली आणि त्या वर्गाची ओळखसंख्या बदलली, तर साठवलेले रूप हाताशी असूनही जावा ते उभे करण्याचे नाकारते. नाकारणे येथे योग्यच असते, कारण जुन्या आकाराची आठवण नव्या आकारात चुकीची भरली जाण्यापेक्षा ती न मिळणे बरे. रॉय फील्डिंग याने २००० सालच्या आपल्या प्रबंधात असे मांडले, की प्रत्येक विनंतीने तिला समजून घेण्यासाठी लागणारे सर्व काही स्वतःबरोबर आणावे आणि सर्व्हरने संवादाची अवस्था बाळगू नये. हा विचार मोठ्या प्रणालींत बहुतांशी स्वीकारला गेला आहे आणि तो योग्य आहे; परंतु त्याने आठवण नाहीशी होत नाही, ती फक्त सर्व्हरकडून विनंतीच्या गाठोड्यात जाते, आणि मग गाठोड्यात वाटेत कोणी काही घातले नाही ना हे तपासण्याचे नवे काम सर्व्हरवर येते.

क्षणभंगवादावर दोष दाखवणाऱ्या जैनांचा स्वतःचा पक्ष असा, की प्रत्येक सत् पदार्थात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात. द्रव्य टिकते, त्याचे पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात. सभासदाच्या ओळीतली किल्ली आणि आवृत्तिक्रमांक हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले तर हा पक्ष दोन आकड्यांत लिहिल्यासारखा दिसतो: पहिला कधी बदलत नाही, दुसरा प्रत्येक बदलाला वाढतो, आणि दोन्ही एकत्र असल्याशिवाय 'हा तोच, पण मी पाहिला तसा राहिलेला नाही' हे विधान करता येत नाही. हे विधान बौद्ध पक्षाला पुरते करता येत नाही आणि नैयायिक पक्षाला त्याची निकड वाटत नाही. तरीही यंत्रात द्रव्य म्हणून काही सापडते असे मात्र म्हणता येणार नाही, कारण किल्लीही शेवटी लिहून ठेवलेली एक संख्याच आहे, आणि तिला सभासदाशी जोडणारे बंधन यंत्राच्या बाहेर, पतसंस्था आणि माणूस यांच्यातल्या करारात आहे. 'कोणाचा' या प्रश्नाचे उत्तर यंत्र देत नाही. ते देणारा प्रणालीचा कर्ता असतो.

म्हणून अशा प्रणाली लिहिणाऱ्यांकडे एक मागणी करणे रास्त आहे. दुसऱ्याची नोंद बदलणाऱ्या प्रत्येक फॉर्मबरोबर आवृत्तिक्रमांक पाठवावा, तो परत आल्यावर ताडून पाहावा, आणि तो जुळला नाही तर बदल मुकाट्याने टाकून देऊ नये: पहिला पत्ता कोणी, केव्हा बदलला, आता नोंदीत काय आहे आणि आपण काय लिहू पाहत होतो, हे दुसऱ्या लिपिकाला एकाच पडद्यावर दाखवावे आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा.